दहा टक्के म्हणजे किती? घरच्या केमिकल पीलबद्दलचे गैरसमज

ग्लायकोलिक ॲसिडची बाटली आता ऑनलाइन मागवली की दोन-चार दिवसांत दारात येते. दहा टक्क्यांची येते, तीसची येते, जरा शोधाशोध केली तर सत्तरचीही येते. सोबत ड्रॉपर, एक छोटा ब्रश आणि 'पार्लरसारखा ग्लो घरच्या घरी' असं आश्वासन. जुलै 2024 मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने अशा बाटल्यांविरुद्ध जाहीर इशारा दिला. तीव्र ट्रायक्लोरोॲसिटिक, ग्लायकोलिक, सॅलिसिलिक किंवा लॅक्टिक ॲसिडची पील डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय वापरू नका, असं सांगून विक्रेत्या कंपन्यांना पत्रंही पाठवली. आपल्याकडे त्याच प्रकारचा माल आजही सहज मिळतो.

ही ॲसिडं नवी नाहीत. हॅम्बुर्गचे त्वचातज्ज्ञ पाऊल उन्ना यांनी 1882 मध्येच सॅलिसिलिक, ट्रायक्लोरोॲसिटिक आणि फिनॉल यांचे त्वचेवरचे परिणाम नोंदवले होते. ग्लायकोलिक-लॅक्टिकच्या कुटुंबाकडे लक्ष गेलं ते 1974 मध्ये, तेही सौंदर्यासाठी नव्हे. व्हॅन स्कॉट आणि यू या दोघांनी ती माशाच्या खवल्यांसारखी त्वचा होणाऱ्या इक्थिओसिसच्या रुग्णांवर वापरली होती. काम साधं आहे. त्वचेच्या सर्वांत वर मृत पेशींचा पातळ थर असतो. त्या पेशींना एकमेकींशी बांधून ठेवणारे दुवे ही ॲसिडं सैल करतात आणि जुन्या पेशी लवकर गळून पडतात. घरी करायचं पील एवढ्यावरच थांबलं पाहिजे. त्याखाली, जिवंत त्वचेत उतरलं की ती वैद्यकीय प्रक्रिया झाली.

'दहा टक्केच तर आहे, काय होतंय?'

बाटलीवरचा टक्क्यांचा आकडा अर्धीच गोष्ट सांगतो. उरलेली अर्धी पीएचमध्ये असते, आणि तो बहुतेक बाटल्यांवर छापलेलाच नसतो. ॲसिडचा जो भाग 'मोकळा' असतो तोच त्वचेत शिरतो. ग्लायकोलिकचा पीएच 3.83 असेल तर निम्मं ॲसिड मोकळं असतं. पीएच जितका खाली, तितकं मोकळं ॲसिड जास्त. हिशेब करून पाहा: दहा टक्क्यांची बाटली 2.8 पीएचची असेल तर तिच्यातलं नऊ टक्क्यांच्या आसपास ॲसिड कामाला लागतं. तीस टक्क्यांची बाटली 4.8 पीएचची असेल तर तीन टक्केसुद्धा नाही. म्हणजे तीसवाली सौम्य आणि दहावाली जहाल, असंही होऊ शकतं.

म्हणूनच प्रसाधनांच्या घटकांची छाननी करणाऱ्या अमेरिकी तज्ज्ञ समितीने ग्लायकोलिक आणि लॅक्टिकसाठी दोन्ही आकड्यांची जोडी ठरवून दिली आहे. सामान्य ग्राहकासाठी दहा टक्क्यांपर्यंत आणि पीएच 3.5 किंवा त्याहून जास्त. प्रशिक्षित व्यावसायिकासाठी तीस टक्क्यांपर्यंत, पीएच किमान 3, थोडा वेळ लावून नीट धुवून टाकण्यासाठी. ज्या बाटलीवर पीएच नाही आणि कंपनीला विचारूनही कळत नाही, ती चेहऱ्यावर पील म्हणून लावू नये, इतकं माझं सरळ मत आहे.

वेळ आणि थर हेही आकडेच आहेत. पाच मिनिटांच्या जागी पंधरा मिनिटं ठेवलं, किंवा 'नीट लागलं नाही' म्हणून दुसरा हात मारला, तर बाटली तीच राहते, पील मात्र वेगळं होतं.

'चुरचुरतंय म्हणजे काम करतंय'

थोडी चुरचुर, हलकी लाली, तासा-दोन तासांत दोन्ही गायब: इतकं ठीक. आग होणं हे यशाचं लक्षण नाही, आणि सालं निघणं हेही नाही. वरवरच्या पीलनंतर कित्येकदा डोळ्यांना काहीच दिसत नाही, फार तर नाकाच्या बाजूला किंचित कोंडा पडल्यासारखं होतं. व्हिडिओमध्ये सापाच्या कातीसारखी त्वचा सोलून दाखवतात ती मध्यम खोलीची पील असतात, आणि त्यांना लागणारा आठवडाभराचा घरवास कॅमेऱ्यात येत नाही.

पांढरेपणाचा मात्र अर्थ लावता आला पाहिजे. सॅलिसिलिकचं द्रावण वाळलं की त्याचे बारीक पांढरे कण चेहऱ्यावर बसतात. ओल्या कापसाने ते पुसले जातात आणि खाली त्वचा तशीच असते. पुसून न जाणारा, त्वचेच्या आतूनच आल्यासारखा पांढरट-करडा डाग वेगळा. तिथली प्रथिनं गोठलेली असतात. ट्रायक्लोरोॲसिटिक, म्हणजे टीसीए, हेच करतं, आणि ते करता करताच स्वतः संपतं. ते थांबवणारं न्यूट्रलायझर नाही. पाण्याने पृष्ठभागावरचं उरलेलं निघेल, आत झालेलं परत फिरणार नाही. मुरुमांच्या खड्ड्यांसाठी त्वचातज्ज्ञ टीसीएचा तीव्र थेंब खड्ड्याच्या तळाशी टोकदार काडीने टेकवतात. ते बघून आरशासमोर टूथपिक घेणाऱ्यांना जुन्या खड्ड्याशेजारी नवा मिळतो.

फिनॉलबद्दल तर चर्चाच नको. ते रक्तात शोषलं जाऊन हृदयाची लय बिघडवू शकतं. रुग्णालयातही ईसीजी लावून वापरतात. जून 2024 मध्ये साओ पावलोतल्या एका सौंदर्यकेंद्रात फिनॉल पीलनंतर एका तरुणाचा मृत्यू झाला आणि ब्राझीलच्या आरोग्य नियामकाने त्याच महिन्यात अशा वापरावर बंदी घातली.

'डाग घालवायला तर लावतोय, डाग कसे पडतील?'

आपल्या त्वचेचा खरा प्रश्न इथे आहे. परदेशी व्हिडिओत पील बिघडलं की चेहरा आठवडाभर लाल राहतो. आपल्याकडे तो काळवंडतो. गव्हाळ-सावळ्या त्वचेतल्या रंगपेशी कुठल्याही दाहाला जास्त मेलॅनिन बनवून उत्तर देतात. डास चावल्याची खूणसुद्धा महिनाभर राहते, हे आपल्या पायांवर सगळ्यांनी पाहिलेलं आहे. तीच प्रतिक्रिया गालभर पसरली तर काय, याचा अंदाज करावा. रंग वरच्या थरात असेल तर काही महिन्यांत उतरतो. खालच्या थरात झिरपला तर वर्षं जातात. म्हणून सावळ्या त्वचेसाठी हळू शिरणारी ॲसिडं बरी. ग्लायकोलिकचा रेणूभार 76, सगळ्यांत लहान, त्यामुळे आत जाण्यात सगळ्यांत चपळ. लॅक्टिकचा 90 आणि मॅन्डेलिकचा 152. पहिल्यांदा करणाऱ्याने ग्लायकोलिकपासून सुरुवात करायचं काही कारण नाही.

वांग असेल तर घरचं पील नकोच. वांग दाहाने चिडतं, उन्हाने वाढतं, आणि नुसत्या पीलने गेलं तरी परत येतं. त्याचा इलाज महिनोन्‌महिन्यांचा असतो.

याच मुद्द्यात एक खास भारतीय गुंता आहे. मेडिकलमधून आणलेली 'गोरं होण्याची' किंवा 'मुरुमांची' ट्यूब वर्षानुवर्षं लावणारे घरोघरी आहेत. त्यातल्या अनेक ट्यूबमध्ये स्टेरॉइड असतं. अशी मलमं 2018 मध्ये चिठ्ठीशिवाय न विकण्याच्या यादीत टाकली गेली, तरी काउंटरवर फार फरक पडलेला दिसत नाही. स्टेरॉइडने त्वचा पातळ झालेली असते, केशवाहिन्या दिसू लागलेल्या असतात. त्यावर दहा टक्क्यांचं पीलसुद्धा भाजण्यासारखं वागू शकतं. तेव्हा ॲसिड विकत घेण्याआधी आधीच्या ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचा: बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन यांपैकी काही दिसलं तर पहिला फोन डॉक्टरांना. आणि जन्मजात रंग कुठलंही पील बदलत नाही, जाहिरात काहीही म्हणो.

'त्यापेक्षा लिंबू बरं, नैसर्गिक आहे'

लिंबाच्या रसाचा पीएच दोनच्या आसपास, म्हणजे वर सांगितलेल्या 3.5 च्या मर्यादेपेक्षा कितीतरी जहाल, आणि त्याचं प्रमाण दर लिंबागणिक वेगळं. शिवाय लिंबूवर्गीय फळांतल्या काही द्रव्यांवर ऊन पडलं की त्वचा भाजल्यासारखी होऊन चट्टे पडतात. खाण्याच्या सोड्याची गडबड उलट्या टोकाची: त्वचा स्वतः किंचित आम्ल, पीएच पाचच्या जवळपास, आणि सोडा आठच्या वर. राहता राहिलं 'उसापासून बनवलेलं ग्लायकोलिक'. ऊसपट्ट्यातल्या माणसाला हे ऐकायला छान वाटतं, पण बाजारातलं बहुतेक ग्लायकोलिक कारखान्यातच तयार होतं. उसातून काढलेलं असतं तरी रेणू तोच राहिला असता.

'रात्री लावलं, मग उन्हाचा काय संबंध?'

ही ॲसिडं त्वचेची उन्हाबद्दलची संवेदनशीलता वाढवतात, आणि तो परिणाम सकाळी संपत नाही. वापर चालू असताना आणि थांबवल्यावर आणखी आठवडाभर जपावं, अशी सूचना लेबलवर असावी, असं अमेरिकी प्रशासनाचं मार्गदर्शन आहे. स्कूटीवर ओढणी गुंडाळून निघालं तरी डोळ्यांभोवतीची आणि कपाळाची पट्टी उघडीच राहते. त्यामुळे ओढणीखाली सनस्क्रीन हवंच, किमान एसपीएफ 30, आणि बाहेर असाल तर दर दोन-तीन तासांनी पुन्हा.

आता प्रत्यक्ष कृती. आधी कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला थेंब लावून, सांगितलेल्या वेळाने धुवून दोन दिवस बघा. पीलच्या आधी आठवडाभर ब्लीच, वॅक्सिंग, थ्रेडिंग, स्क्रब आणि रेटिनॉल बंद; पुरुषांनी त्या दिवशी दाढी करू नये. चेहरा साध्या फेसवॉशने धुवून पूर्ण कोरडा होऊ द्यावा. नाकपुड्यांच्या खाचा, ओठांचे कोपरे आणि डोळ्यांच्या कडा इथे द्रव साचतो आणि त्वचाही नाजूक असते, म्हणून तिथे बोटाने व्हॅसलीनचा पातळ थर. केस मागे बांधलेले, नळ हाताशी, मोबाइलवर टायमर लावलेला. कापूस ओला असावा, निथळता नसावा. आधी कपाळ, मग गाल, शेवटी हनुवटी. पापण्यांवर आणि मानेवर नाही. पहिल्या खेपेला लेबलवरच्या वेळेच्या निम्माच वेळ. मग भरपूर गार पाणी, साधं मॉइश्चरायझर आणि बस. पुढचे काही दिवस व्हिटॅमिन सी, रेटिनॉल, दुसरं ॲसिड काही नाही. पुढची खेप दोन आठवड्यांनी. सुटलेलं साल नखाने ओढायचं नाही.

मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील किंवा नुकत्याच संपल्या असतील, ओठांवर नागिणीसारखे ताप-फोड वारंवार येत असतील, एक्झिमा असेल, जखम झाल्यावर व्रण वाढत जाण्याची सवय असेल, तर हा खेळ घरी नको. ॲस्पिरिनची ॲलर्जी असणाऱ्यांनी सॅलिसिलिकपासून दूर राहावं. गरोदर बाईने डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीच लावू नये.

आणि बिघडलंच तर? टायमर विसरा, नळाखाली जा. पंधरा-वीस मिनिटं वाहतं गार पाणी. बर्फ, टूथपेस्ट, हळद, सोड्याची पेस्ट यांतलं काही नाही. क्लिनिकमध्ये ग्लायकोलिक थांबवायला सोड्याचं पातळ द्रावण वापरतात खरं, पण ॲसिडवर घट्ट सोडा थापला तर उष्णता निर्माण होते. डोळ्यात गेलं असेल तर पापणी उघडी धरून तितकाच वेळ धुवा आणि थेट दवाखाना गाठा. फोड, न पुसला जाणारा पांढरा डाग, वाढती सूज किंवा दुसऱ्या दिवशीही न थांबलेली आग असेल तर त्वचातज्ज्ञाकडे जाताना बाटली पिशवीत टाका, कारण त्यांचा पहिला प्रश्न कोणतं ॲसिड, किती टक्के आणि किती वेळ हाच असतो.