कान वाहायचा थांबत नाही तेव्हा

कान वाहणं म्हटलं की आपल्या वर्धा जिल्ह्यात कुणी फारसं दचकत नाही. "लेकराचा कान फुटला" म्हणतो, औषध देतो, आठ-पंधरा दिवसांत बरं वाटतं. बहुतेक वेळा ते खरंच साधं असतं. सर्दी होते, नाकामागून कानाकडे जाणारी नळी सुजते, पडद्यामागे पू साचतो आणि पडदा फुटून बाहेर येतो. लहान मुलांत ही नळी आखूड आणि आडवी असते, म्हणून त्यांना हे जास्त होतं.

आज बोलायचंय ते उरलेल्या थोड्या मुलांबद्दल.

समजा, आर्वीकडचं दीड वर्षाचं मूल आहे. दोन महिने कान वाहतोय, औषध तीनदा बदललं. आता दुसराही कान वाहतोय. डोक्यात खपल्या आहेत, कानामागे सूज आहे. आई म्हणते, "हे सारखं पाणी मागतं, सारखी लघवी करतं." एकेक तक्रार वेगळी पाहिली तर साधी वाटते. कानाला थेंब, खपल्यांना तेल, आणि तहान उन्हाळ्यामुळे! पण सगळ्या एकत्र मांडल्या की एका आजाराचा विचार करावाच लागतो: लँगरहान्स सेल हिस्टिओसायटोसिस.

पॉल लँगरहान्स यांनी 1868 मध्ये, विद्यार्थी असताना, त्वचेतल्या ज्या पेशींचं वर्णन केलं त्यांच्यासारख्या पेशी यात बेसुमार वाढतात. त्या हाड पोखरतात, कानामागचंही. कारण कळत नव्हतं म्हणून 1953 मध्ये याला 'हिस्टिओसायटोसिस एक्स' म्हटलं गेलं. 2010 मध्ये निम्म्याहून अधिक नमुन्यांत ब्राफ नावाच्या जनुकात बदल सापडला. दरवर्षी दहा लाख मुलांमागे साधारण चार-पाच मुलांना हा होतो.

सीटी स्कॅनमध्ये पोखरलेलं हाड दिसतं, पण खात्री होते ती तुकडा काढून तपासल्यावरच. उपचार आहे: विनब्लास्टिन आणि प्रेडनिसोलोन. आजार एकाच अवयवात असेल तर जवळजवळ सगळी मुलं वाचतात. यकृत, प्लीहा, अस्थिमज्जेत पोचला तर धोका वाढतो. आणि ती तहान? मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीला इजा झाल्याची ती खूण. ही इजा बहुधा भरून येत नाही. म्हणून उशीर महागात पडतो.

असाच फसवणारा दुसरा आजार म्हणजे कानाचा क्षयरोग. कान वाहतो, बहुधा दुखत नाही, साध्या अँटिबायोटिकने थांबत नाही. तिसरा, रॅब्डोमायोसार्कोमा हा कर्करोग. कानात मांसाचा गोळा दिसतो, रक्त येतं, चेहरा एका बाजूला वाकडा होतो.

मग घरी काय लक्षात ठेवायचं? नीट औषध घेऊनही दोन आठवड्यांत कान थांबला नाही तर तेच थेंब पुन्हा आणू नका, कान तपासून घ्या. रक्त, गोळा, कानामागे सूज, वाकडा चेहरा, यातलं काही दिसलं तर तितकंही थांबू नका. कानात तेल, लसूण घालू नका. आशाताईंना सांगा, त्या वाट दाखवतील. सेवाग्रामला 1969 पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथे कान-नाक-घसा विभाग आहे.

आणि डॉक्टरांना सगळं सांगा. डोक्यातल्या खपल्या, तहान, लघवी, सगळं. कानाच्या डॉक्टरला हे कशाला सांगायचं, असं वाटेल. तरी सांगा.