चार देशांचें एक गिधाड

आजच्या भाषणाचा विषय गिधाड, हें ऐकून कित्येक घरांतून नाक मुरडलें गेलें असेल. दिवेलागणीच्या वेळीं असलें अभद्र नांव कशाला, असेंहि कोणी म्हणेल. परंतु त्याच पक्ष्यास जटायूचा वंशज म्हटलें कीं आपण हात जोडतों. तेव्हां त्या नात्यानें तरी माझें म्हणणें क्षणभर ऐकून घ्यावें, अशी विनंति आहे.

माझ्या लहानपणीं गांवाबाहेर एकादें ढोर मेलें कीं आकाशांत प्रथम एक ठिपका दिसे, मग दहा, मग पन्नास. आणि दुपार टळण्यापूर्वीं तेथें स्वच्छ हाडांचा सांपळा तेवढा उरे. पुढें मास्तर झाल्यावर हेंच दृश्य मी दर वर्षीं मुलांना वर्णन करून सांगत असें. एके वर्षीं ध्यानांत आलें कीं, वर्गांतील एकाहि मुलानें गिधाड पाहिलेलें नाहीं.

१९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत भारतांतील पांढऱ्या पाठीच्या गिधाडांपैकीं दर १००० मागें ९९९ नाहींशीं झालीं. लांब चोचीचीं व सडपातळ चोचीचीं मिळून शेंकडा ९७ गेलीं. नेपाळ, पाकिस्तान व बांगलादेश येथेंहि तोच प्रकार. मुंबईच्या पारशी समाजाच्या दखम्यांवर गिधाडें येईनाशीं झालीं. गांवोगांव मेलेलीं जनावरें सडूं लागलीं, भटकीं कुत्रीं वाढलीं. २०२४ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अर्थशास्त्रीय संशोधनाप्रमाणें २००० ते २००५ या काळांत त्यापायीं भारतांत सुमारें ५ लक्ष माणसें अधिक दगावलीं. पक्ष्यांसाठीं कोण रडतो, असें विचारणाऱ्यांनीं हा आंकडा लक्षांत ठेवावा.

या मरीचें मूळ सांपडलें तें भारतांत नव्हे, पाकिस्तानांतील पंजाबांत. तेथें मेलेल्या गिधाडांचीं पोटें चिरून पाहतां आंतल्या अवयवांवर खडूच्या भुकटीसारखा पांढरा थर दिसला. तो युरिक आम्लाचा होता. म्हणजे मूत्रपिंडें निकामी झालेलीं. गुरांची सूज व ठणका घालविण्यासाठीं टोचतात तें डायक्लोफेनॅक नांवाचें स्वस्त औषध याला कारण, असें २००४ सालीं सिद्ध झालें. औषध टोचल्यावर लवकरच जनावर मेलें, तर त्याच्या मांसांतून तें विष गिधाडाच्या पोटांत जातें.

येथें थोडें गणित केलें पाहिजे. जुन्या मास्तराची खोड म्हणा. शंभर मढ्यांपैकीं एकापेक्षांहि कमी मढीं विषारी असलीं, तरी एवढा संहार घडण्यास तीं पुरेशीं आहेत, असें शास्त्रज्ञांस आढळलें. कारण एका मढ्यावर डझनावारी गिधाडें जेवतात, आणि एकच गिधाड अन्नाच्या शोधांत शेंकडों कोस हिंडतें. त्यांतून जोडीला वर्षाकाठीं पिल्लू एकच. नेपाळांत यंत्र बांधून सोडलेल्या गिधाडांपैकीं कांहीं भारतांत येऊन जातात. त्यांस सरहद्दीवर कोण अडविणार? तेव्हां एका देशानें औषध बंद केलें आणि शेजाऱ्यानें चालूं ठेवलें, तर बंद करणाऱ्याचीहि गिधाडें मरावयाचीं. औषधाच्या बाटल्यासुद्धां चोरवाटेनें सरहद्द ओलांडतातच.

म्हणून चार शेजाऱ्यांना एका वाटेनें जावें लागलें. भारत, नेपाळ व पाकिस्तान यांनीं २००६ सालीं गुरांसाठीं हें औषध बंद केलें. बांगलादेशानें २०१० सालीं. त्याऐवजीं गिधाडांस निर्धोक असें मेलॉक्सिकॅम हें औषध पुढें आलें. परंतु माणसांसाठीं विकल्या जाणाऱ्या मोठ्या बाटल्या गोठ्यांत पोंचतच राहिल्या. अखेर २०१५ सालीं भारतांत ती बाटली ३ मिलिलिटरांहून मोठी नसावी, असा नियम झाला. २०१२ सालीं दिल्ली येथें चारहि सरकारांचे प्रतिनिधि जमले आणि एक प्रादेशिक समिति स्थापन झाली. एरव्हीं ज्या देशांचें आपसांत पटत नाहीं, तेहि या एका बाबतींत एकत्र बसले, याचें मला कौतुक वाटतें. किटोप्रोफेन हें दुसरें घातक औषध गुरांसाठीं बंद करण्याचा पहिला मान मात्र बांगलादेशाचा, २०२१ सालचा. आपण तें २०२३ सालीं केलें. धाकट्या शेजाऱ्यामागून जाण्यांत कमीपणा नाहीं. दोन वर्षें गेलीं याचा मात्र आहे.

नेपाळांतील नवलपरासी जिल्ह्यांत पिठौली गांवच्या लोकांनीं २००६ पासून एक नवल केलें आहे. म्हाताऱ्या, भाकड गाई ते सांभाळतात. विषारी औषध त्यांस देत नाहींत. आणि आपल्या मरणानें गाय मेली कीं तिचें शरीर गिधाडांसाठीं ठेवितात. गोहत्या नाहीं आणि गिधाडहि उपाशी नाहीं! घरट्यांच्या वसाहतींभोंवतीं १०० किलोमीटर त्रिज्येचीं निर्विष क्षेत्रें राखावीं, हीहि अशीच एक योजना आहे. नेपाळच्या तराईंत असें वर्तुळ काढलें कीं त्याचा पुष्कळसा भाग उत्तर प्रदेशांत पडतो. म्हणून औषधाच्या दुकानांची तपासणी दोहोंकडे करावी लागते. नेपाळांत पांढऱ्या पाठीचीं गिधाडें आतां पुन्हां वाढूं लागलीं आहेत. भारतांत घट थांबली आहे. भरती अद्याप दिसत नाहीं.