अनंताच्या पानावर हॉक मॉथ

बदलापूर-अंबरनाथच्या सोसायट्यांत अनंताचं झाड बऱ्याच ठिकाणी दिसतं. पावसाळ्यात त्याची कोवळी पानं कुरतडलेली दिसली की माळीदादा फवारणीचा पंप काढतात. त्याआधी झाडाखालच्या फरशीकडे बघावं. तिथे मिरीएवढ्या, उभ्या खाचांच्या ताज्या लेंड्या असतील, तर वर कुठेतरी हिरवीगार अळी आहे. तिच्या शेपटीवर शिंग असतं, पण ते टोचत नाही. ही बहुधा 'सेफोनोडेस हायलस' या हॉक मॉथची अळी.

कोषातून बाहेर येताना या पतंगाच्या पंखांवर करड्या खवल्यांचा पातळ थर असतो. पहिल्याच भरारीत तो झडतो आणि उरतात आरपार दिसणारे पंख. अंग हिरवट, पोटावर तांबूस पट्टा, शेपटाला काळा झुबका. स्वारी भरदिवसा हिंडते आणि फुलावर न बसता हवेतूनच लांब सोंड आत घालते. मग 'आमच्याकडे हमिंगबर्ड आला होता' असे व्हिडिओ फिरू लागतात! अमेरिका खंडांबाहेर हमिंगबर्ड निसर्गात आढळत नाही.

हॉक मॉथ दुर्मीळ वाटतात, कारण आपण पतंग शोधतो. झाड शोधत नाही. कारवार मुंबई इलाख्यात होतं तेव्हा तिथले वनाधिकारी टी. आर. बेल यांनी उलटी वाट धरली. ते अळ्या गोळा करत, ज्या त्या झाडाचा पाला घालून वाढवत. त्यांचा आणि मेजर एफ. बी. स्कॉट यांचा हॉक मॉथवरचा ग्रंथ 1937 साली निघाला. आजही अभ्यासकांना तो लागतोच.

त्या वाटेने गेलं तर करवंदावर 'नेफेले हेस्पेरा', कण्हेर-तगरीवर 'डॅफ्निस नेरी' आणि तिळावर 'अ‍ॅकेरोंशिया स्टिक्स' भेटू शकतो. हा शेवटचा तर भलताच बिलंदर. पाठीवर कवटीसारखी खूण, पोळ्यात घुसून मध चोरतो आणि पकडला तर चक्क चिरकतो.

उल्हासनगरात जेमतेम 13 चौरस किलोमीटरांत 2011 च्या जनगणनेनुसार 5 लाखांवर माणसं राहतात. तिथे करवंदाच्या जाळीला जागा कुठली? पण कुंडीतली तगर असतेच. बदलापूरबाहेर डोंगरउतारांवर अजून जाळ्या आहेत. प्लॉट पडू लागले की जेसीबी आधी त्यांच्यावरच फिरतो.

अनंतावरच्या अळीची अडचण निराळी. पोटभर खाऊन ती कोष करायला खाली उतरते. तिला बुंध्याशी भुसभुशीत माती आणि पालापाचोळा हवा असतो. सोसायटीत मात्र तिथपर्यंत पेव्हर ब्लॉक बसवलेले असतात आणि उरलेला पाला सकाळीच झाडून नेलेला असतो.