२,०४८ बाइटांचा हिशेब

सावित्री महाबळेश्वरला उगम पावते आणि पोलादपूरवरून महाडला येते. २२ जुलै २०२१ च्या महापुरानंतर, वर पाणी किती चढलंय हे खाली वेळेत कळणं किती मोलाचं आहे, ते महाडकरांना सांगावं लागत नाही.

समजा, पोलादपूरच्या एखाद्या पुलावर पातळी मोजणारं छोटं यंत्र बसवलं. त्यातली चिप एटमेगा ३२८पी असेल, तर रॅम फक्त २,०४८ बाइट. त्यावर चालणाऱ्या इवल्या ऑपरेटिंग सिस्टिममधल्या बऱ्याच सोयी ऐच्छिक असतात. उदाहरणार्थ, बिघाड शोधायला सोपं जावं म्हणून प्रत्येक कामाचं नाव जपून ठेवणं. एका नावाला १६ बाइट धरले, तर ५ कामांना ८० बाइट. म्हणजे रॅमचा जवळपास पंचविसावा हिस्सा!

सोय वगळता यावी म्हणून कोडमध्ये जागोजागी ‘ही सोय असेल तर’ अशा अटी पेरल्या, की वाचणाऱ्याचा धागा तुटतो. शिवाय १० ऐच्छिक सोयींची १,०२४ रूपं होतात. ती सगळी तपासणार कोण?

लिनक्स कर्नलच्या लेखननियमांत यावर चांगली वाट आहे. अट हेडर फाइलमध्ये ठेवायची, आणि सोय बंद असेल तेव्हा त्याच नावाचं रिकामं फंक्शन द्यायचं. मुख्य कोड सरळ वाचता येतो. रिकामी हाक कंपायलरच काढून टाकतो.

दोन-चार बाइटांसाठी कोड गढूळ करू नये. बचत मोठी असेल तर अट जरूर घालावी, पण एकाच जागी. भर पावसात यंत्र अडलं, तर दुरुस्त करणाऱ्याला तो कोड पहिल्या वाचनात कळायला हवा.