उपाशीपोटी आणि दोन तासांनी

सकाळचे सव्वासात. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी सरकारी दवाखान्याचं फाटक अर्धं उघडं आहे. आत पत्र्याच्या शेडखाली माणसं कधीची येऊन बसली आहेत. फरशीवर ओळीनं चपला, पिशव्या, एक पाण्याची बाटली. ज्याची वस्तू त्याचा नंबर. आज शुगर तपासायचा वार.

कोणी फारसं बोलत नाही. रात्रीच्या जेवणानंतर पोटात पाण्याखेरीज काही नाही. वडिलांसोबत मी अशा रांगांत अनेकदा उभा राहिलो आहे. भुकेल्या माणसांची शांतता ओळखीची आहे.

पावणेआठला खिडकी उघडते. "डावा हात. मूठ आवळा." सुई, लहानशी नळी, कापसाचा बोळा. "खाऊन घ्या. पहिल्या घासापासून दोन तास मोजा, मग या." सिस्टर हे वाक्य प्रत्येकाला म्हणते. बोळा दाबून धरलेले हात एकेक करून फाटकाबाहेर पडतात.

बाहेर गाडे तयारच आहेत. पहिल्यावर वडे. कढईतलं तेल काळपट झालंय, त्याचा वास घशाला लागतो. पुढच्या गाड्यावर पोहे, वर शेव. त्याच्या शेजारी चहा, आणि काचेच्या बरणीत खारी.

"बिनसाखरेचा द्या हं," पन्नाशीचे एक काका मोठ्यानं सांगतात. चहावाला मान हलवतो. काका बरणीतून खारी काढतात. एक बुडवतात, मग दुसरी, तिसरी, चौथी. चहातली साखर तेवढी टळली. खारीचा मैदा पोटात जाऊन साखरच होतो, तोही भराभर. आणि थर सुटावेत म्हणून घातलेल्या वनस्पती तुपानं रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल वाढतं. तेला-तुपातल्या ट्रान्स फॅटवर २०२२ पासून दोन टक्क्यांची मर्यादा आहे. सुट्या खारीच्या बरणीवर मात्र काहीच लिहिलेलं नसतं.

कडुलिंबाच्या पारावर बायका डबे उघडतात. आज संकष्टी. दोघींच्या डब्यात साबुदाण्याची खिचडी. शंभर ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात पंच्याऐंशी ग्रॅमच्या वर पिष्टच असतं, प्रथिनं जवळजवळ नाहीत. शेंगदाण्याचं कूट थोडा आधार देतं, तेवढंच. त्यांच्याजवळच एक आजी अर्धी ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ आणि काकडी घेऊन बसल्या आहेत. आधी काकडी, मग उसळ, मग भाकरीचा तुकडा. त्यांना हा क्रम कुणी शिकवला असेल असं वाटत नाही, पण भाजी-उसळ आधी खाल्ली की शुगर सावकाश चढते. कडधान्यातला चोथा कोलेस्टेरॉललाही आवर घालतो. "रोज ह्येच खाते," त्या सांगतात.

पाराच्या टोकाला बसलेला एक जण नुसता अर्धा कप चहा घेतो. "आज हलकंच खायाचं. म्हंजी आकडा बरा येतो."

शेडमध्ये गडबड होते. रांगेतल्या एका ताईंना दरदरून घाम फुटलाय, हात थरथरतायत. सवयीनं गोळी घेऊन आल्या आणि उपाशीच बसून राहिल्या. बोटाला सुई टोचून पाहतात, ५८. सत्तरच्या खाली उतरली म्हणजे शुगर कमी झाली. सिस्टर साखरेचं पाणी पाजते. पंधरा मिनिटांत त्यांच्या चेहऱ्यावर रंग परततो.

ऊन शेडच्या आत सरकलंय. भिंतीवर हातानं लिहिलेला तक्ता आहे: मधुमेह असणाऱ्यांसाठी उपाशीपोटी १३० पर्यंत, खाल्ल्यावर दोन तासांनी १८० च्या आत. येणारा जाणारा प्रत्येक जण तिथं थांबून वाचतो. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशभरच्या पाहणीनुसार आपल्याकडे मधुमेहाचे रुग्ण दहा कोटींच्या वर आहेत. अशा माणसाला हृदयविकाराचा धोका इतरांच्या साधारण दुप्पट असतो. त्याबद्दल तक्त्यावर एक ओळही नाही.

सव्वादहा. पुन्हा रांग. खारीवाले काका तीन पायऱ्या चढतात आणि कठड्याला धरून उभे राहतात. श्वास लागलाय, कपाळ ओलं. "पित्त हो," ते म्हणतात. त्यांच्या हातातल्या कागदावर तपासणी एकच, शुगर. मी त्यांना बाकावर बसवतो, सिस्टरला हाक मारतो. ती लगेच त्यांना चाकाच्या खुर्चीत बसवून ईसीजीच्या खोलीकडे नेते.

तपासणीच्या दिवशी रोजचाच नाश्ता खा आणि तो काय होता ते डॉक्टरांना सांगा. खारी असेल तर खारी सांगा. रक्तदाब आणि कोलेस्टेरॉलही तपासून मागा. आणि नेहमीच्या पायऱ्यांवर एकाएकी धाप लागली, घाम फुटला, तर पित्त म्हणून घरी थांबू नका, तडक दवाखाना गाठा. मधुमेहात हृदयविकाराचा झटका येतो तेव्हा छातीत कित्येकदा दुखतच नाही.