धुळप, आनंदराव

धुळप, आनंदराव : (अठरावे शतक). पेशव्यांच्या विजयदुर्ग येथील आरमाराचा सुभेदार. धुळप घराण्याचे मूळ जावळीच्या मोऱ्यांत असल्याचे मानतात.

१७५६ मध्ये पेशवे व इंग्रज यांनी तुळाजी आंग्र्याविरुद्ध संयुक्त मोहीम केली. तीत वॉटसन व क्लाइव्ह यांनी विजयदुर्ग घेतला आणि आंग्र्यांची जहाजे बंदरातच जळाली. त्याच वर्षी बाणकोटच्या मोबदल्यात किल्ला पेशव्यांना मिळाला, परंतु आरमार नव्याने उभारावे लागले. पुढे त्याची सुभेदारी आनंदरावाकडे आली. वाघोटन खाडीच्या मुखाशी किल्ला व आत गिर्ये येथे गोदी, अशी या आरमाराची जागा सोयीची होती. त्यातील गुराबा तोफांचा मारा करीत; वारा पडताच वल्ह्यांची गलबते शत्रूच्या जहाजास भिडून त्यावर माणसे चढवीत. खुल्या समुद्रात मात्र इंग्रजांच्या मोठ्या युद्धनौकांपुढे त्यांचा टिकाव लागत नसे. पहिल्या इंग्रज-मराठे युद्धात, १७७५ मध्ये, ४६ तोफांचे ‘शमशेरजंग’ हे मराठी जहाज स्फोट होऊन नष्ट झाले.

आनंदरावाचा सर्वांत गाजलेला पराक्रम ८ एप्रिल १७८३ चा. रत्नागिरीजवळ त्याच्या आरमाराने ‘रेंजर’ या बारा तोफांच्या इंग्रज जहाजास घेरले. बिदनूरच्या फौजेचे आधिपत्य घेण्यास निघालेला मॅक्लाउड व इतर लष्करी अधिकारी त्यावर होते. इंग्रज निकराने लढले. अनेक अधिकारी ठार वा जखमी झाले आणि अखेर जहाज पाडाव होऊन विजयदुर्गास आणले गेले. कर्नल हंबरस्टन तेथेच जखमांनी मरण पावला. परंतु सालबाईचा तह १७ मे १७८२ रोजीच ठरला होता आणि त्याच्या मान्यतेची देवघेव फेब्रुवारी १७८३ मध्ये झाली होती. तहाची वार्ता आरमारास नव्हती, असा खुलासा मराठ्यांकडून झाला. कैदी सोडून जहाज परत द्यावे लागले. आरमारी दृष्ट्या नेत्रदीपक असा हा विजय राजकीय दृष्ट्या निष्फळ, किंबहुना अडचणीचाच ठरला.

याच सुमारास (१७८२-८३) पूर्व किनाऱ्यावर स्यूफ्राँ हा फ्रेंच नौसेनापती इंग्रज सेनापती ह्यूजशी पाच लढाया लढला. त्याच्यामागे युरोपातून येणारी जहाजे व हैदर अलीची मैत्री होती. आनंदरावाचे आरमार किनाऱ्याचे रक्षण आणि परवान्याविना फिरणाऱ्या जहाजांची अडवणूक यांसाठी होते. पुणे दरबारानेही त्यास याहून मोठे कार्य कधी नेमून दिले नाही. विजयदुर्ग १८१८ मध्ये इंग्रजांकडे गेला. गिर्ये येथील धुळपांच्या वाड्यातील भित्तिचित्रे प्रसिद्ध आहेत.