तळाचा साका : टाकायचा की ठेवायचा?

घरी दही कसे लावतात ते तुम्ही नेहमीच पाहता. कालच्या दह्यातले चमचाभर दही आजच्या कोमट दुधाला विरजण म्हणून लावले की काम झाले. पण कधीकधी दह्याला तार सुटू लागते, आणि मग शेजारच्या घरून चांगले विरजण मागून आणावे लागते. विरजण असे का बिघडते? नेमका हाच प्रश्न युरोपातील बियर करणाऱ्यांनाही पडला होता. त्याचे उत्तर कसे मिळाले ते आज पाहू.

युरोप-अमेरिकेत पुष्कळ हौशी मंडळी घरीच बियर तयार करतात. मोड आणून वाळवलेल्या सातूचा गोड काढा करायचा, तो हॉप नावाच्या वेलीच्या फुलांबरोबर उकळायचा, आणि गार झाला की त्यात यीस्ट सोडायचे. यीस्ट ही एकपेशीय बुरशी होय. तिची पेशी साधारणपणे ५ ते १० मायक्रॉन व्यासाची असते. १ मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. यीस्ट साखर खाते, मद्यार्क व कार्बन डाय-ऑक्साइड तयार करते, आणि त्याच वेळी पेशीला अंकुर फुटून स्वतःही वाढते. त्यामुळे घातले त्याच्या कित्येक पट यीस्ट शेवटी भांड्याच्या तळाशी साचते. ते फेकून का द्यायचे? पुढच्या खेपेला तेच विरजण!

मात्र या साक्यात धान्याचा व फुलांचा चोथाही असतो. तो वेगळा कसा करायचा? येथे भौतिकशास्त्र मदतीला येते. साक्यात उकळून गार केलेले पाणी घालून भांडे हलवायचे आणि काही मिनिटे स्थिर ठेवायचे. द्रवातून खाली जाणाऱ्या लहान कणाचा वेग त्याच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. हा स्टोक्सचा नियम. घनता तीच असेल तर दुप्पट व्यासाचा कण चौपट वेगाने खाली जातो. म्हणून जाड चोथा लवकर तळ गाठतो आणि यीस्ट वरच्या गढूळ पाण्यात तरंगत राहते. ते पाणी निर्जंतुक केलेल्या बरणीत ओतून थंड जागी ठेवले, की तळाशी यीस्टचा पांढरट थर बसतो.

मग हेच यीस्ट जन्मभर का पुरत नाही? थोडे गणित करू. समजा, हवेतून रानटी यीस्ट शिरले आणि चांगल्या १,००० पेशींमागे त्याची १ पेशी झाली. एका खेपेत चांगले यीस्ट ५ पट वाढते व रानटी १० पट, असे धरा. म्हणजे दर खेपेला रानटीचे प्रमाण दुप्पट होणार : १, २, ४, ८... पाचव्या खेपेनंतर हजारी ३२ होते, तरी चवीत फारसा फरक जाणवणार नाही. पण दहाव्या खेपेनंतर हजारामागे १,०२४! निम्मे भांडे रानट्यांचे झाले. येथे धुण्याचा उपाय चालत नाही, कारण दोन्ही पेशी जवळजवळ सारख्याच आकाराच्या. उकळावे तर दोन्ही मरतात.

कोपनहेगन येथील कार्ल्सबर्ग कारखान्याच्या बियरची चव बिघडली, तेव्हा तेथील प्रयोगशाळेतल्या एमिल ख्रिश्चन हान्सेन या शास्त्रज्ञाने वेगळाच विचार केला. वाईट पेशी काढत बसण्यापेक्षा एकच चांगली पेशी निवडावी! त्याने यीस्टमध्ये इतके पाणी मिसळले, की बहुतेक थेंबांत एकही पेशी येऊ नये आणि काहींत एखादीच यावी. एकेक थेंब त्याने काढ्याच्या वेगवेगळ्या चंबूंत टाकला. ज्या चंबूत यीस्टचा एकच ठिपका उमटला, तेथील सारे यीस्ट एकाच पेशीची संतती होते. १८८३ साली हे शुद्ध यीस्ट कारखान्यात वापरले गेले आणि बियर सुधारली. विशेष म्हणजे कार्ल्सबर्गने ही युक्ती गुप्त न ठेवता इतर कारखान्यांनाही असे यीस्ट दिले. आजही कारखाने साका काही खेपाच वापरतात आणि मग जपून ठेवलेल्या शुद्ध यीस्टपासून पुन्हा सुरुवात करतात.

तुम्हीही एक प्रयोग करून पहा. बाटलीत कोमट पाणी, दोन चमचे साखर व अर्धा चमचा पावाचे यीस्ट घाला आणि तोंडावर फुगा बसवा. बूच मात्र लावू नका, वायूच्या दाबाने बाटली फुटेल. दुसऱ्या दिवशी वरचे पाणी अलगद ओतून टाका (ते पिऊ नका) आणि तळच्या साक्यावर नवे साखरपाणी घाला. फुगा पुन्हा फुगतो का? किती वेळा फुगतो? दर वेळी लागणारा वेळ वहीत नोंदवा.

आणि पुढच्या वेळी दह्याला तार सुटली, तर दुधाला दोष देण्यापूर्वी विरजणाचा विचार करा. त्यात कोण पाहुणा शिरला असेल आणि तो कितव्या खेपेपासून वाढत असेल?